टर्बो गेला, पण का गेला?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल. ज्यांना एसटीत बसून, आवाज न करता वाचायचं असतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत.

विषय आहे डिझेल गाडीचा टर्बो. तुमच्या व्हॉइस मेसेजमध्ये हा प्रश्न सारखा येतो आणि त्याचा साचाही ठरलेला असतो. "दादा, गाडी ओढत नाहीये. गॅरेजवाला म्हणतोय टर्बो गेला. चाळीस हजार सांगतोय. करून घेऊ का?" यावर माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे. गेला असेल, पण का गेला ते त्याने सांगितलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते नाही विचारलं."

आजचा सगळा भाग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. टर्बो स्वतःच्या दोषाने फार क्वचित जातो. त्याला गाडीतल्याच दुसऱ्या कशाने तरी मारलेलं असतं, आणि ते कारण गाडीत तसंच ठेवून नवा टर्बो लावला की तोही जातो. मी कोल्हापुरात डिझेलच्या गॅरेजात काम करतो. आमच्याकडे 'दुसऱ्यांदा टर्बो गेला' म्हणून येणाऱ्या गाड्या बघितल्या की हेच दिसतं.

हा विषय आत्ताच घेण्याचं आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या विकणं थांबवलं. त्याच्या आधी विकलेल्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा आता सेकंडहँड बाजारात फिरतायत, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांची ती पहिली गाडी आहे. लाख-दीड लाख किलोमीटर फिरलेली, दोन-तीन लाखांना घेतलेली. अशा गाडीवर चाळीस हजार एकदा खर्च करणं समजू शकतं. दोनदा म्हणजे घरात भांडणच.

आधी दोन मिनिटं, टर्बो करतो काय

डिझेल जाळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त डिझेल नीट जळतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद मिळते. ही हवा कोंबायला ताकद कुठून आणायची? तर सायलेन्सरमधून जो गरम धूर वाया जातो त्याच्याकडून. धुराच्या वाटेत एक छोटा पंखा बसवायचा. धूर त्याला फिरवतो. त्याच पंख्याच्या शाफ्टला दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा ओढून दाबतो. दाबलेली हवा तापते म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून इंजिनात पाठवायची. झालं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं होतं. मूळ कल्पना आजही तीच आहे.

आता वेग बघा. घरातला छताचा पंखा मिनिटाला साधारण तीनशे-साडेतीनशे फेरे मारतो. हायवेवर तुमचं इंजिन दोन-अडीच हजार मारतं. छोट्या डिझेल कारचा टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे मारतो. एका बाजूला सातशे अंशांच्या वर गेलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये बोटाएवढा शाफ्ट.

हा शाफ्ट बहुतेक गाड्यांत बॉलबेअरिंगवर बसलेला नसतो. साध्या बुशांमध्ये असतो आणि बुश आणि शाफ्टच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. चालू गाडीत शाफ्ट त्या ऑइलवर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. ऑइल तिथे दोन कामं करतं. घर्षण होऊ देत नाही आणि उष्णता घेऊन जातं. पेट्रोलच्या टर्बोंना बरेचदा पाण्याचंही कूलिंग असतं, पण आपल्या बऱ्याच डिझेल टर्बोंची सगळी भिस्त ऑइलवरच.

म्हणून दोन पाइप लक्षात ठेवा. एक बारीक पाइप, त्यातून इंजिनचं ऑइल प्रेशरने टर्बोत येतं. दुसरा जाड पाइप, त्यातून ते ऑइल आपल्या वजनाने खाली ऑइल चेंबरमध्ये परत पडतं. टर्बोच्या बहुतेक गोष्टी या दोन पाइपांशी येऊन थांबतात.

गाडी ओढत नाही म्हणजे टर्बोच गेला असं नाही

पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी तीन हजारांच्या वर जाईना. गॅरेजात स्कॅनर लावला, कोड आला पी०२९९. स्क्रीनवर टर्बोचं नाव आलं की माणूस घाबरतो. पण हा कोड एवढंच सांगतो की हवेचा दाब पाहिजे तेवढा येत नाहीये. तो टर्बो फुटल्यामुळे येत नाही की पाइप फुटल्यामुळे, हे स्कॅनरला माहीत नसतं. ते माणसाने शोधायचं असतं.

सगळ्यात आधी होज पाइप. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाड रबरी पाइप असतात. जुन्या गाडीत ते खालच्या बाजूने चिरतात किंवा क्लिप ढिली होते. रेस दिली की फुस्स आवाज, गाडीला जोर नाही आणि मागून काळा धूर, कारण डिझेल पडतंय पण हवा वाटेतच निसटतेय. चिरलेल्या जागी ऑइल-धुळीचा काळा डाग असतो. बोट फिरवलं तरी सापडतो, पण इंजिन बंद आणि गार असताना. हा पाइप टर्बोच्या किमतीच्या आसपासही नसतो.

मग एअर फिल्टर काढून बघा. मग टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी. गाडी महिनाभर उभी असेल तर उंदीर ही नळी हमखास कुरतडतात. इंजिन चालू केल्यावर ॲक्च्युएटरची दांडी हलते का, तेही बघायचं. काही गाड्यांत ॲक्च्युएटर इलेक्ट्रॉनिक असतो, तो स्कॅनरवरून हलवून बघता येतो. पुढे बूस्ट सेन्सर, ईजीआर वगैरे.

व्हीजीटीची एक वेगळी भानगड आहे. फियाटने घडवलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे कितीतरी गाड्यांत आलं. त्याच्या ७५ पीएसच्या आवृत्तीत साधा टर्बो आहे, ९० पीएसच्या आवृत्तीत व्हीजीटी. व्हीजीटीमध्ये धुराच्या बाजूला छोट्या हलत्या पात्या असतात. सारखं शहरात, कमी वेगात गाडी चालवली की काजळी साठून या पात्या अडकतात. मग ओव्हरटेक करताना एकदम ताकद जाते, गाडी बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक, दोन दिवसांनी परत तेच. असं होत असेल तर शाफ्ट बहुतेक ठणठणीत असतो. पात्या साफ करून काम होऊ शकतं. अशा गाडीला थेट नवा टर्बो सांगणारा मेकॅनिक घाईत आहे एवढंच मी म्हणेन.

मग खरोखर गेलेला टर्बो ओळखायचा कसा? शिट्टी आधीपासून थोडी असतेच, पण ती वाढत वाढत रुग्णवाहिकेच्या सायरनसारखी किंवा खरवडल्यासारखी होते. निळसर धूर येतो. डिपस्टिकवर ऑइल कमी होत जातं आणि खाली तर गळती दिसत नाही. शेवटची खात्री हाताने. इंजिन गार असताना हवेचा पाइप काढायचा, पंख्याच्या टोकाचा नट दोन बोटांत धरून हलवायचा. आडवा किंचित प्ले असतोच, कारण ऑइलची जागा आहे ती. पण आत-बाहेर हलता कामा नये आणि पंखा कडेच्या भिंतीला घासता कामा नये. पात्यांच्या कडा तुटल्या असतील, झिजून पातळ झाल्या असतील तर विषय संपला.

पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसला म्हणून लगेच टर्बोला दोष देऊ नका. इंजिनच्या ब्रीदरची वाफ त्याच वाटेने येते, तेवढा ओलावा चालतो. पाइप वाकडा केल्यावर ऑइल ओतल्यासारखं पडलं तर मात्र काळजी करा.

आंब्याची पिकअप

आता का गेला, याकडे येतो. एक गाडी सांगतो, कारण तिच्यात सगळं एकत्र होतं.

रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरला हापूसच्या पेट्या आणणारी पिकअप. घाट चढताना गाडी पूर्ण भरलेली, एप्रिल-मेचं ऊन, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सतत जोर. टर्बोसाठी याच्यापेक्षा कठीण परीक्षा नाही. सीझनच्या सुरुवातीला टर्बो गेला, तिकडच्याच एका गॅरेजात नवा बसवला, पाच-सहा आठवड्यांत तोही गेला. गाडी आमच्याकडे टोचन करून आली. चालवणारा पोरगा चोवीस-पंचवीसचा. गाडीचा हप्ता चालू, आणि आंब्याचा धंदा दोन महिन्यांचा. "टर्बोच डुप्लिकेट दिला मला," हे त्याचं पहिलं वाक्य.

टर्बो डुप्लिकेट नव्हता. आम्ही ऑइल येणारा बारीक पाइप काढला. तो पाइप जुनाच होता, टर्बो बदलताना तसाच परत लावलेला. फुंकर मारली तर हवा जेमतेम जात होती. पाइप आडवा कापला. आत जळलेल्या ऑइलचा टणक काळा थर होता आणि मध्ये काडेपेटीची काडी जाईल एवढंच भोक. नव्या टर्बोला पहिल्या दिवसापासून अर्धपोटी ठेवलं होतं. सपाट रस्त्यावर तो कसातरी तगला, भरल्या गाडीने घाट चढायला लागल्यावर गेला.

तो थर का साठला? पोराला विचारलं ऑइल कधी बदललं. म्हणाला, कमी झालं की टाकतो ना! मंडळी, वरून टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी साठत जाते. त्यात नवीन लिटरभर ओतलं तरी जुनी काजळी तिथेच फिरत राहते, आणि सगळ्यात बारीक पाइपात, सगळ्यात गरम जागी जाऊन चिकटते. मॅन्युअलमध्ये ऑइलचं जे अंतर दिलेलं असतं त्याच्याजवळच बरेचदा जड वापरासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. भरलेली पिकअप, घाट, धूळ, हे सगळं जड वापरात येतं. तो कोपरा कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट इंटरकूलरमध्ये सापडली. पहिला टर्बो गेला तेव्हा त्याच्या पात्यांचे तुकडे आणि बरंच ऑइल इंटरकूलरमध्ये जाऊन बसलं होतं. कुणी धुतलाच नव्हता. ते तुकडे एखाद्या दिवशी इंजिनात गेले असते तर टर्बोच्या खर्चावर हसू आलं असतं.

तिसरी गोष्ट त्याची सवय, आणि ही सवय मला अजून कितीतरी ड्रायव्हरांत दिसते. गाडी बंद करायच्या आधी एक जोरात रेस द्यायची, घ्रूम, आणि लगेच किल्ली बंद. कुठून आली कुणास ठाऊक, जुन्या ट्रकवाल्यांकडून असावी. पण बघा काय होतं. रेस दिली, टर्बो लाखाच्या वेगाने फिरायला लागला. किल्ली बंद, इंजिन थांबलं, ऑइल पंप थांबला. टर्बो मात्र अजून काही सेकंद फिरतोय, आणि नवं ऑइल येत नाही. वर तो तापलेला. आतलं ऑइल तिथेच करपतं. कढईत तेल करपून जसा काळा राप धरतो, अगदी तसं.

यावर उपाय फुकट आहे. घाट चढून लगेच हॉटेलवर थांबलात तर एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा, रेस न देता. शेवटचा किलोमीटर शांत चालवून आला असाल तर एवढंही लागत नाही. ऑफिसला जाऊन आलात, ट्रॅफिकमध्ये रांगत पार्किंगला लागलात, तर किल्ली बंद करा आणि घरी जा. तिथे पाच मिनिटं गाडी घुरघुरत ठेवणारे लोक डिझेल जाळतायत फक्त. सकाळी चालू केल्यावर मात्र वीस-तीस सेकंद ऑइल वर पोचू द्या, मग निघा.

धूळ हेही मोठं कारण आहे. कागदी एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून परत परत लावायची आपल्याकडे फार पद्धत. जोरात फुंकलं की कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. मग धूळ आत जाते आणि त्या वेगात वाळूचा कण पात्यांना पॉलिश पेपरसारखा घासतो. ऊसतोडीच्या सीझनला शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांचे पंखे बघा कधी, कडा धारदार झालेल्या असतात.

ऑइलचा परतीचा पाइप विसरू नका. तो कार्बनने अडला, दबला, किंवा कुणी सिलिकॉनचा गम जास्त लावून भोकच अर्धं बुजवलं, तर ऑइल टर्बोत साठतं आणि सीलमधून बाहेर येतं. बघणारा म्हणतो सील गेलं. सील बिचारं ठीक असतं. असंच इंजिनचे रिंग-पिस्टन झिजले असतील तर चेंबरमध्ये हवेचा दाब वाढतो, आणि तो दाब ऑइलला खाली उतरू देत नाही. म्हणून चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बघतात. झाकण उडायला लागलं, धुराचे भपकारे यायला लागले, तर आधी इंजिनचा विचार करा. अशा इंजिनला नवा टर्बो लावणं म्हणजे चाळीस हजार त्या भपकाऱ्यात सोडणं.

नवा बसवताना तिथे उभे राहा

गॅरेजवाल्याला शिकवायला जाऊ नका, पण विचारायला काय हरकत आहे? चांगला मेकॅनिक अशा प्रश्नांनी खूश होतो.

ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन घाला, हे ठरलेलं. ऑइलचा बारीक पाइप नवा घ्या, साफ करून जुना नको. त्याच्या टोकाला आतून पोकळ असलेला बोल्ट असतो, काही गाड्यांत त्यात बारीक जाळी असते. ती तुंबलेली असते आणि कुणी बघत नाही. परतीचा पाइप आरपार मोकळा आहे हे डोळ्यांनी बघा. ऑइलच्या जोडांना गॅस्केटच लावा, गम नको. आत सुटलेला गमचा तुकडा थेट बुशाकडे जातो. इंटरकूलर आणि पाइप काढून धुवा, पूर्ण वाळवा. एअर फिल्टर नवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोरडा टर्बो फिरवू नका. ऑइलच्या भोकातून आधी स्वच्छ ऑइल ओतायचं, पंखा बोटाने फिरवायचा. सगळं जोडल्यावर इंजिन चालू होणार नाही अशी सोय करून, म्हणजे इंजेक्टरचं किंवा पंपाचं कनेक्शन काढून, थोडा थोडा वेळ स्टार्टर मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग चालू करून काही मिनिटं नुसतं आयडलवर. 'बघू आवाज कसा येतो' म्हणून पहिल्याच मिनिटाला रेस देणाऱ्याचा हात धरा.

नवा, रिकंडिशन की नुसता कोर? कोर म्हणजे मधला भाग, शाफ्ट आणि दोन्ही पंखे. तो स्वस्त पडतो आणि बाहेरची घरं चांगली असतील तर वाईट पर्याय नाही. अट एकच, कोर वेगवान मशिनवर बॅलन्स केलेला असावा. दोन लाख फेऱ्यांत मिलिग्रॅमचा फरकही जाणवतो. बाकावर बसून नुसते बुश बदलून देणारा 'रिपेअर' मी माझ्या गाडीत घेणार नाही. व्हीजीटी असेल तर कोर बदलल्यावर पात्यांचं सेटिंगही लागतं, त्याचं मशीन सगळ्यांकडे नसतं. बिलावर काय बसवलं ते लिहून घ्या, आणि काढलेला जुना टर्बो मागून घ्या. तो तुमचा पुरावा आहे आणि त्याच्याकडे बघून कारण कळतं. निळे-काळे पडलेले बुश म्हणजे ऑइल पोचलं नाही. बुशांवर ओरखडे म्हणजे घाण ऑइल. पुढच्या पंख्याच्या पात्या तुटलेल्या म्हणजे बाहेरून काहीतरी आत गेलं.

किल्ली काढली तरी गाडी थांबत नाही तेव्हा

हा भाग मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा बोललो, इथेही नीट वाचा. पैशांचा विषय बाजूला ठेवा.

टर्बोचं सील पूर्ण फुटलं की इंजिनचं ऑइल इंटरकूलरमार्गे थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, दाबानेच जळतं. त्यामुळे ते ऑइलवरही चालतं. किल्ली बंद केली की डिझेल थांबतं, ऑइल थांबत नाही. इंजिन आपोआप रेस घेत जातं, मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर येतो, आणि ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन तुटेपर्यंत हे चालतं. याला रनअवे म्हणतात. रोज होत नाही, पण होतं तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

मॅन्युअल गाडी रस्त्यावर असेल तर क्लच दाबून ठेवू नका, इंजिन मोकळं सुटेल. वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा, क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडू द्या. गाडी उभी असेल तरी तेच. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण, सगळ्यात वरचा गिअर, क्लच एकदम सोडायचा. समोर माणूस नाही हे आधी बघा. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. काही नव्या गाड्यांत हवेच्या वाटेत झडप असते, ती किल्ली बंद केल्यावर मिटते आणि इंजिन थांबू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका.

ऑटोमॅटिक असेल, किंवा आवाज आधीच किंचाळण्यापर्यंत गेला असेल, तर गाडी बाजूला उभी करा, सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. बॉनेट उघडून वाकू नका. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं लावू नका. फडकं आत ओढलं जातं आणि हाताचं काय होईल ते सांगायला नको. गॅरेजात हवेचं तोंड उघडं असेल तर जाड सपाट फळी लावून किंवा सीओटू अग्निशामक मारून इंजिन बंद करतात, पण ते ज्याला सवय आहे त्याने करायचं. इंजिन गेलं तर गेलं.

रस्त्यात नुसती ताकद गेली असेल, धूर नाही, खरवड नाही, तर वेगळं. बाजूला घ्या, डिपस्टिक बघा. ऑइल ठीक असेल तर कमी रेसवर, डाव्या लेनने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. ओव्हरटेक करू नका, कारण गाडीत नेहमीची ताकद नाही हे पायाला लक्षात राहत नाही. निळा धूर किंवा धातूचा आवाज असेल तर एक किलोमीटरही नको. टोचनचे पैसे द्या.

तुमचे काही प्रश्न

"सेकंडहँड डिझेल घेतोय, टर्बो कसा बघू?" इंजिन पूर्ण गार असताना जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. ऑइलचं झाकण, डिपस्टिक आणि इंटरकूलरचे पाइप बघा. नंतर इंजिन गरम झाल्यावर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून दाबा. दोन हजारांच्या आसपास पाठीला ढकलल्यासारखं जाणवलं पाहिजे. स्कॅन करून घ्या, आणि कोड नुकतेच पुसलेत का हेही विचारा. टर्बो 'नुकताच नवा टाकलाय' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याला आजचा प्रश्न विचारा: आधीचा का गेला होता?

"रिमॅप केलं तर टर्बो जातो का?" लगेच नाही. पण दाब वाढवला की वेग वाढतो, धुराचं तापमान वाढतं, आणि कंपनीने ठेवलेली सवलत तुम्ही खाऊन टाकता. लाखभर फिरलेल्या टर्बोवर मी करणार नाही.

"टर्बो काढून टाकून गाडी चालते का?" हा प्रश्न तीन जणांनी विचारलाय, तिघेही पिकअपवाले. इंजिन चालू होतं, हो. पण आताच्या गाड्यांचा कॉम्प्युटर टर्बो आहे असं धरूनच डिझेल मोजतो, त्यामुळे एकतर लिम्प मोड नाहीतर काळा धूर. भरली गाडी घाट चढणार नाही, पीयूसी निघणार नाही, आणि ऑइलचा पाइप नीट बंद केला नाही तर सगळं ऑइल गरम सायलेन्सरवर सांडून आग लागू शकते. करू नका.

बीएस-६ गाड्यांचे डीपीएफवाले प्रश्न बाजूला काढून ठेवलेत. डीपीएफ तुंबला की टर्बोवर मागून दाब येतो, त्यामुळे दोन्ही विषय जोडलेलेच आहेत, पण त्याला अख्खा भाग लागेल. तो पुढच्या आठवड्यात.